पोटातल्या बाळाची मूत्रपिंडे

पोटात असेपर्यंत बाळाचे रक्त शुद्ध करण्याचे काम वार करते. म्हणूनच मूत्रपिंडे बिघडलेले बाळही आत वाढत राहते आणि आईला काहीच जाणवत नाही. ते समजते फक्त सोनोग्राफीत.

साधारण दहाव्या आठवड्यापासून बाळ लघवी करू लागते. सोळाव्या आठवड्यानंतर त्याच्याभोवतीचे पाणी, म्हणजे गर्भजल, मुख्यतः या लघवीचेच असते. ऐकायला विचित्र वाटेल, पण बाळ हेच पाणी गिळते आणि त्याची फुप्फुसे याच पाण्याच्या आधाराने वाढतात. त्यामुळे पाणी फार कमी दिसले, की डॉक्टर मूत्रपिंडे नीट पाहतात.

सर्वांत जास्त आढळतो तो मूत्रपिंडाचा फुगवटा. लघवी गोळा होणारा मधला भाग 18 ते 20 आठवड्यांच्या तपासणीत 4 मिलिमीटरपेक्षा कमी, तर 28 आठवड्यांनंतर 7 मिलिमीटरपेक्षा कमी असावा. शंभरातील एक-दोन गरोदरपणांत तो मोठा दिसतो आणि बहुतेकांत आपोआप उतरतो. तेव्हा अहवालातला तो शब्द वाचून घरात रडारड नको. दोन्ही बाजू फुगलेल्या, मूत्राशय ताणलेले आणि पाणी कमी, असे एकत्र दिसले तर मात्र मूत्रमार्गात अडथळा असू शकतो. मग बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे.

खरी अडचण पुढे येते. जन्मलेले बाळ रडते, दूध पिते, अंगाने छान दिसते. मग पुन्हा सोनोग्राफी कशाला, असे घरच्यांना वाटते. पहिले दोन दिवस लघवी कमी तयार होत असल्याने फुगवटा लपतो, म्हणून ही तपासणी सहसा 48 तासांनंतर करतात. तोवर आई पाड्यावर परतलेली असते. पुढे बाळाला वारंवार ताप येतो, तो लघवीतल्या जंतूंचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते.

सातपुड्यातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सोनोग्राफीची वेळ नेमकी तिथे येते आणि जुना कागद घरी राहतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, कारखान्याच्या गावीही. आशाताईंनी निघतानाच हे सांगून कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला, तर तिथला डॉक्टर मागचे माप पाहून आजचे माप वाचू शकतो.