तीन इंचांची अक्षरं

आधीच सांगून टाकतो, मी नियम मोडणारा माणूस नाही. पंचवीसहून जास्त वर्षं न्यू जर्सीत काढली, कधी टोल बुडवला नाही की लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं नाही. म्हणूनच हे प्रकरण जास्त झोंबलं.

गणपतीची मखरं, मुंजीचे मंडप, डोहाळजेवणाची सजावट हा आमचा आधी शनिवार-रविवारचा उद्योग होता. नोकरी गेली आणि तो पूर्ण वेळेचा झाला. मग एक जुनी पांढरी कार्गो व्हॅन घेतली. ओक ट्री रोडच्या गर्दीतून दोन गाड्यांत थर्माकोल कोंबून किती दिवस न्यायचं? दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत नाव, फोन नंबर आणि वर देवनागरीत ‘श्री’. बायकोनं ड्राइव्हवेतच नारळ फोडला. त्याची शकलं अजून कुंडीत होती तेवढ्यात, नवव्या दिवशी, एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक असोसिएशनचं, पत्र आलं.

व्यावसायिक अक्षरं असलेलं वाहन रात्री उघड्यावर उभं करता येत नाही. दहा दिवसांत हलवा, नाहीतर दिवसाला पंचवीस डॉलर दंड. सोबत पुरावा म्हणून फोटो. तो मी चार वेळा पाहिला. वरून काढलेला, समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून. आणि खालच्या कोपऱ्यात, जरा धूसर, तुळशीच्या मंजिरीचं टोक.

आमच्या रांगेसमोर खिडकीत तुळस एकाच घरात आहे. आदल्या भाद्रपदात त्यांचं मखर मी सामानाच्या किमतीत करून दिलं होतं. ‘आपलीच माणसं’ म्हणून मजुरीही घेतली नव्हती. त्या घरातले काका एचओएच्या बोर्डावर आहेत हे ठाऊक होतं. बोर्डावर बसून खिडकीतून फोटो काढतात हे ठाऊक नव्हतं.

भेटलो तेव्हा म्हणाले, “अहो, मनाला लावून घेऊ नका. उद्या प्लंबर येईल, परवा गवत कापणारा येईल. घरांच्या किमतीचा प्रश्न आहे.” चहा मात्र छान दिला, आलं घालून. मी प्यायलोही. त्याचा अजून राग येतो.

घरी येऊन मी तडकाफडकी ठरवलं, अक्षरंच काढून टाकू. ज्यांनी कधी गाडीवरचं विनाइल सोलून काढलं नसेल त्यांना सांगतो, हे काम शत्रूलाही देऊ नये. बायकोचा हेअर ड्रायर एका हातात, क्रेडिट कार्डाची कड दुसऱ्या हातात. गरम करा, कोपरा उचला, हळूहळू ओढा. तुटला की पुन्हा पहिल्यापासून. मागे राहिलेला चिकटा काढायला आणखी एक संध्याकाळ गेली. आधीच्या मालकाचंही नाव कधीतरी तिथं होतं, ते सकाळी दव पडल्यावर दारावर उमटलेलं दिसलं. म्हणजे माझं पुसलं आणि त्याचं वर आलं.

तिसऱ्या आठवड्यात रूट २७ वर पोलिसानं थांबवलं. डोहाळजेवणाला निघालो होतो. मागे कागदी फुलांची कमान, शेजारी बायको, तिच्या मांडीवर झोपाळ्याच्या दोऱ्या. अधिकारी अगदी सभ्य होता. कागद बघितले, गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, “यावर तुमचं नाव कुठं आहे?”

मला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं शांतपणे सांगितलं, की न्यू जर्सीत व्यवसायासाठी वापरायच्या गाडीवर, साधी प्रवासी मोटार सोडली तर, मालकाचं नाव आणि व्यवसाय ज्या गावचा त्या गावाचं नाव स्पष्ट दिसेल असं असावं लागतं, आणि अक्षरं किमान तीन इंच उंच हवीत. राज्याच्या वाहतूक कायद्याचं कलम ३९:४-४६. चलन फाडून माझ्या हातात दिलं आणि जाताना म्हणाला, “नाव घाला एवढंच.” बायको हसायला लागली, इतकी की दोऱ्या खाली पडल्या. मला हसू आलं नाही. दोन रात्री नखं झिजवून मी गुन्हा केला होता!

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या मॅनेजरबाईंना फोन लावला. विजयी सुरात कलम वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. पण गाडी इथं उभी करा असं राज्य कुठं म्हणतं?” उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच ते आजही पचत नाही.

आणि मग त्यांनी विचारलं, “पत्राचं दुसरं पान वाचलंत का?”

नव्हतं वाचलं. रागाच्या भरात कोण वाचतं? दुसऱ्या पानावर ‘व्यावसायिक वाहन’ म्हणजे काय त्याची व्याख्या होती. अक्षरं, चिन्हं, शिडीचा रॅक किंवा कमर्शियल नंबर प्लेट, यांपैकी काहीही एक. माझ्या गाडीला कमर्शियल प्लेट होती. म्हणजे अक्षरं सोलूनही मी नियमात बसत नव्हतोच. त्याच पानावर खाली एक ओळ होती, बंद गराजमध्ये ठेवलेल्या वाहनाला यातलं काहीही लागू नाही.

म्हणून आता जे सांगतो ते माझ्या खर्चानं शिका.

पहिलं, व्याख्या वाचा. एकेका वसाहतीत ती वेगळी असते. माझ्या एका मित्राकडे हरकत फक्त अक्षरांना आहे, म्हणून तो चुंबकी पाट्या वापरतो, घरी आला की काढतो. त्या काढून दार पुसावं लागतं, नाहीतर खाली धूळ-पाणी अडकून रंगावर चौकोन उमटतो. आणि पाट्या सपाट ठेवा, गुंडाळून नाही. अॅल्युमिनियमच्या गाडीला चुंबक धरत नाही, फोर्डच्या २०१५ पासूनच्या एफ-१५० ला तर नाहीच. पाटी मागवण्याआधी घरातलं फ्रिजचं चुंबक लावून बघा.

दुसरं, एचओएचा नियम वेगळा आणि गावाचा वेगळा. आमच्या टाउनशिपला अक्षरांशी देणंघेणं नाही, ती वजन बघते. गाडीचं कमाल वजन ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तो आकडा टिपून ठेवा. गावाचे नियम बहुतेक ऑनलाइन सापडतात. शेजाऱ्याला विचारू नका. शेजाऱ्याचा अनुभव मी वर लिहिलाच आहे.

तिसरं, गराजचं दार मोजा. आमचं सात फुटी, गाडी सहा फुटांची. वरचा रॅक धरूनही कशीबशी बसते. दहा वर्षांचे खोके, मुलाची सायकल आणि एक बंद पडलेलं ट्रेडमिल बाहेर काढायला एक अख्खा रविवार गेला, तो मी त्या पहिल्याच रविवारी द्यायला हवा होता.

चौथं, दंड झाला तर गप्प भरू नका. न्यू जर्सीत असोसिएशनला असे तंटे कोर्टाबाहेर सोडवायची न्याय्य सोय ठेवावी लागते. ती लेखी मागा. मी मागितली, तारखा आणि फोटो घेऊन गेलो, दंड निम्मा झाला. उरलेला अर्धा भरला, पण चेकवर सही करताना पेन जरा जास्तच दाबलं.

पाचवं, दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचं ऐकून भांडायला जाऊ नका. माझ्या फ्लोरिडातल्या मेव्हण्यानं “कोर्टात खेच” म्हणून डोकं खाल्लं. त्यांच्याकडे १ जुलै २०२४ पासून घरमालकांच्या असोसिएशनला ड्राइव्हवेतल्या कामाच्या गाडीवर नाव आहे म्हणून ती अडवता येत नाही, फक्त ती २६,००१ पौंडांची किंवा त्याहून अवजड गाडी नको. पण तो कायदा कॉन्डोला नाही आणि न्यू जर्सीला तर नाहीच. त्याच फ्लोरिडात कोरल गेबल्सला साधा पिकअप रात्री दारात ठेवायला बंदी होती. ती लोकांनी २०१२ साली मत देऊन उठवली. तोवर लोकांनी दंड भरलेच ना?

बाकी संयम ठेवा, सगळं लेखी घ्या वगैरे तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं.

गाडीवर नाव परत आलंय. बरोबर तीन इंच, एक रेघ जास्त नाही, खाली गावाचं नाव. ‘श्री’ तेवढा आता आत, डॅशबोर्डवर.

यंदाच्या श्रावणात काकांचा फोन आला, “मखराचं बघायचं का?” मी नवा दर सांगितला, मजुरीसकट. थोडं थांबून हो म्हणाले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझी व्हॅन त्यांच्या ड्राइव्हवेत भर दुपारी दोन तास उभी होती, लाल अक्षरं रस्त्याकडे करून. सामान चढवायला-उतरवायला दिवसा मुभा आहे. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसरी ओळ.