परत आलेला वाघ आणि वनाचें आरोग्य

विद्यार्थिमित्रहो, गांवाजवळ वाघ दिसल्याची बातमी आली, म्हणजे तो कोणाचें जनावर मारील, हाच प्रश्न प्रथम आपल्या मनांत उभा राहतो. ज्याच्या गोठ्यांत एकच बैलजोडी आहे, त्याची ही चिंता मुळींच खोटी नव्हे. परंतु वाघ नाहींसा झाला असतां वनाचें काय होतें, हा दुसरा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा आहे.

या विचारास आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत एक निमित्त घडलें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत फेब्रुवारी २०१९ मध्यें रेडिओ-पट्टा बांधण्यांत आला. पुढें तो जन्मस्थान सोडून निघाला. विदर्भ, मराठवाडा व तेलंगणाचा कांहीं भाग तुडवीत, नाले, शेतें व सडका ओलांडीत, डिसेंबर २०१९ मध्यें तो ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन पोहोंचला. त्याची एकंदर चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली, म्हणून लोकांनीं त्यास ‘वॉकर’ हें नांव दिलें. वयांत आलेला नर स्वतःचा मुलूख व जोडीदारीण शोधण्यासाठीं असा दूर जातो.

अशा हिंस्र प्राण्याचें वनांत कार्य काय? रोही, चितळ, रानडुकरें यांवर कोणाचा धाक नसला, तर त्यांचे कळप वाढतात व एकाच ठिकाणीं चरत राहतात. कोवळीं रोपें वर येण्यापूर्वींच खुडलीं जातात. जुनीं झाडें पडतात, पण त्यांची जागा घेणारीं नवीं उभीं राहत नाहींत. जमीन उघडी पडली, म्हणजे पावसाबरोबर माती वाहून जाते. वाघ कळपांतील कांहींना मारतो, त्यांत म्हातारे व दुबळे पुष्कळदां प्रथम सांपडतात. उरलेल्यांस तो सावध ठेवितो. त्याच्या शिकारीच्या अवशेषांवर तरस, कोल्हे व गिधाडें यांचाही निर्वाह होतो.

अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. तेथील लांडगे सन १९२६ च्या सुमारास नामशेष करण्यांत आले. पुढें एल्क नांवाच्या हरणांनीं ओढ्यांकाठचीं विलो व ॲस्पेन झाडें वाढूं दिलीं नाहींत. सन १९९५ व १९९६ मध्यें कॅनडांतून ३१ लांडगे आणून तेथें सोडले. कालांतरानें एल्क कमी झाले व कित्येक ठिकाणीं विलो पुन्हां उंच वाढूं लागली. हें सारें श्रेय एकट्या लांडग्यांचें मात्र नव्हे. अस्वलें, डोंगरी सिंह व उद्यानाबाहेरील मानवी शिकार यांचाही त्यांत वाटा आहे. शिवाय, जेथें बीव्हर नाहींसे होऊन ओढे खोल गेले होते, तेथें विलो सहज परतली नाहीं. यावरून बोध हाच कीं, बिघडविणें सोपें, परंतु सुधारणें फार मंद असतें.

आतां ज्ञानगंगेकडे वळूं. या अभयारण्याचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर आहे. वॉकरला तेथें भक्ष्य मिळालें, परंतु वाघीण मिळाली नाहीं. एकटा नर हा वनाचा पाहुणा होय. त्याच्या येण्यानें वन सुधारलें, असें म्हणतां येत नाहीं. जेथें वाघीण स्थिरावते, बच्चे वाढविते, आणि ते बच्चे सुरक्षित वाटेनें दुसऱ्या वनांत जाऊं शकतात, तेथेंच वाघाचें कार्य पिढ्यान् पिढ्या चालतें. म्हणून अभयारण्याइतकेंच दोन वनांमधील झुडपी रान व नाल्याकांठची झाडी राखणें अगत्याचें आहे.

आणि या कामीं शेतकऱ्यास विसरून चालणार नाहीं. वाघानें जनावर मारल्यास सरकारकडून भरपाई मिळते; ती वेळेवर हातीं पडली, तरच त्याच्या मनांत वाघाविषयीं द्वेष राहणार नाहीं. वनाचें आरोग्य सर्वांस हवें असेल, तर त्याची किंमत एकट्या गरिबाच्या गोठ्यांतून वसूल करणें न्याय्य नव्हे. मित्रहो, तुमच्यांतील पुष्कळजण उद्यां शेतकरी, शिक्षक अथवा वनाधिकारी होतील. त्या वेळीं या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानांत ठेवा.