कंपवात : पाय अडला तर ओढू नका

कंपवाताचे रुग्ण उंबरठ्यापाशी अचानक थबकतात. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मेंदूत डोपामीन कमी पडले की सवयीची चाल आपोआप सुरू होत नाही. घरची माणसे घाईने हात धरून ओढतात, नि रुग्ण पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडणे कंपापेक्षा वाईट! म्हणून ओढू नका. क्षणभर थांबू द्या, मग ‘एक-दोन, एक-दोन’ मोजा. जमिनीवर एकेका पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवा. त्या ओलांडताना बऱ्याच जणांचा अडलेला पाय सहज उचलला जातो. गोळ्यांच्या वेळा मात्र चुकवू नका. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, पूर्वी बाहेर पडायला लाजत. आता मनात पाढे म्हणत रोज पारापर्यंत जातात. वाटेत कोणी हाक मारली, तर आधी थांबतात, मगच बोलतात.