घरच्या संगणकावर स्वच्छ ध्वनिमुद्रण

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्या घरच्या संगणकावर मुद्रित केल्या. मायक्रोफोन टेबलावर, आजीबाई चार हात दूर, आणि डोक्यावर पंखा चालू. ऐकूं गेलें तों ओव्यांपेक्षां पंखाच अधिक! "आवाज मागाहून स्वच्छ करतां येतो," असें आम्हीं त्यास सांगितलें. तें आमचें ज्ञान अर्धवट होतें. पावसाळ्यांत आजीबाई निवर्तल्या. म्हणून हा पाठ लिहीत आहों.

ध्वनि स्वच्छ होतो तो बहुतांशीं खोलींत, संगणकांत नव्हे. तोंड व मायक्रोफोन यांमधील अंतर निम्में केलें असतां बोलणाऱ्याचा सरळ येणारा ध्वनि सुमारें ६ डेसिबलांनीं वाढतो. पंख्याची घरघर व भिंतींवरून परतणारा नाद मात्र होता तेवढाच राहतो. एक हात म्हणजे दोन विती. चार हातांचें अंतर एका वितीवर आणलें, म्हणजे तें तीनदां निम्में झालें, आणि लाभ १८ डेसिबलांचा! मायक्रोफोन ओठांच्या अगदीं समोर न धरितां किंचित् बाजूस ठेवावा. नाहींतर 'प', 'फ', 'भ' उच्चारतांना श्वास त्यावर आदळून धप् असा आवाज उमटतो. पंखा बंद करावा (उकाड्यांत हें कठीण, हें आम्ही जाणतों), खिडक्या लावाव्या, उघड्या भिंतींवर गोधड्या टांगाव्या. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालविल्यास गुणगुण पुष्कळदां नाहींशी होते.

शून्य डेसिबलाच्या मर्यादेवर गेलेला ध्वनि छाटला जातो. सबब मोठ्यांत मोठा स्वर उणे १२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी.

आरंभापूर्वीं दहा सेकंद सर्वांनीं स्तब्ध बसावें. तें कां? 'ऑडॅसिटी' या विनामूल्य साधनास त्या निःशब्द तुकड्यावरून घरघरीचा नमुना मिळतो व त्याच्या आधारें ती सबंध मुद्रणांत कमी करतां येते. एकसारखा गोंगाट असा घटतो. घुमणारा नाद व छाटलेला स्वर यांवर हा उपाय चालत नाहीं. शिवाय तो अति केल्यास मनुष्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

आजीबाईंच्या ओव्यांच्या एका प्रतीवर आम्हीं हा प्रयोग केला. शब्द कळूं लागले, परंतु कंठ परका वाटला. नातू क्षणभर ऐकत राहिला व म्हणाला, "सर, पंख्यासकटच असूं द्या." मूळ वेव्ह फाईल त्यानें जशीच्या तशी ठेविली आहे.