रिकामा तराजू आधी दाखवा

मिरजेला आमचं किराणा दुकान होतं. माल तोलण्याआधी वडील तराजू रिकामा उचलून धरत. काटा मधोमध उभा राहिला, पासंग नाही हे गिऱ्हाइकानं डोळ्यांनी पाहिलं, की मगच पारड्यात तूरडाळ पडे. वजनमापे खात्याचा शिक्का सगळ्या मापांवर होता, तरीही ते तराजू उचलून दाखवत. मी नोएडात राहायला आलो आणि हौस म्हणून स्वतःच मोजमापं करू लागलो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरलो. त्यात एका गाणाऱ्या बाईंचा हिवाळाभराचा रियाज नासला, म्हणून हे लिहितो आहे.

नाद होता ध्वनियंत्रं मोजण्याचा. लाल किल्ल्यासमोरच्या जुन्या लजपतराय मार्केटातून ८ ओहमचे जाडजूड रेझिस्टर आणून हीटसिंकवर बसवले होते. ॲम्प्लिफायर मोजताना स्पीकरच्या जागी ते जोडायचे. जोडीला लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, मोजमापाचा मायक्रोफोन आणि मल्टिमीटर. आकडे काढून मी ओळखीच्यांना तक्ता पाठवत असे. हळूहळू नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादमधली मराठी मंडळी काही घेण्याआधी मला विचारू लागली. मंडळाच्या गणपतीसाठी स्पीकर, मुलाच्या खोलीसाठी हेडफोन, सगळ्यालाच. विश्वास असा अलगद येऊन बसतो, त्याचं ओझं लगेच जाणवत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये एका विक्रेत्यानं मला एक छोटा ॲम्प्लिफायर मोजायला दिला. परत करायची घाई नाही, हवा तितके दिवस ठेवा, म्हणाला. मी तो पाच वेळा मोजला. पहिली दोन मापं सकाळी, खोली गारठलेली असताना घेतली. त्यांत १००, २०० आणि ३०० हर्ट्झवर टोकदार सुळके दिसले. सोसायटीच्या अर्थिंगचा दोष असेल असं धरून मी सॉकेट बदलला, तारा हलवल्या, आणि दुपारी, यंत्र चांगलं तापल्यावर, पुन्हा मोजलं. सुळके खाली गेले. उरलेली तीन मापं स्वच्छ आली. तक्त्यात मी पाचवं माप घातलं. पहिल्या दोनांबद्दल अक्षर लिहिलं नाही, आणि यंत्र कुणी दिलं तेही लिहिलं नाही.

तो तक्ता पाहून ओळखीच्या सात जणांनी तो ॲम्प्लिफायर घेतला. त्यांतल्या एक गुरुग्रामच्या काकू. त्या गाणं शिकवतात. त्यांनी तो इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी घेतला होता. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, "अरे, पहाटे तानपुऱ्याखाली काहीतरी घरघरतं. सूर लागतच नाही. तासाभरानं थांबतं, पण तोवर माझा रियाज संपलेला असतो. तू सांगितलंस म्हणून घेतला रे."

मी पहाटे पाचला त्यांच्याकडे जाऊन मोजलं. तेच सुळके होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. वीजपुरवठ्यात तिचं एकदिशीकरण झालं की त्यात १०० हर्ट्झची लहर उरते, आणि तिच्या पटीतले सूर तिच्याबरोबर येतात. ती लहर गिळायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. कपॅसिटर कमकुवत असले की थंडीत ते काम नीट करत नाहीत, यंत्र तापल्यावर सुधारतात. अर्थिंगच्या घोटाळ्यात बहुधा ५० हर्ट्झचा सुळका ठळक असतो. माझ्या पहिल्या मापात ५० जवळजवळ नव्हता, १०० उभा होता. ही खूण मला वाचता येत होती, पण वाचायची नव्हती. विक्रेता घरी येऊन गेला होता, आदरानं बोलला होता, त्याचं यंत्र माझ्या टेबलावर होतं. त्यानं कसलीही अट घातली नव्हती, पैसा दिला नव्हता. तरी मी मिंधा झालो होतो, आणि मिंधा माणूस दोष आधी भिंतीतल्या सॉकेटात शोधतो.

बाकी सहा जणांना ही घरघर का ऐकू आली नाही, याचं उत्तर काकूंच्या पट्टीत होतं. त्या काळी चारमध्ये गातात. त्यांचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा. घरघरीतला २०० हर्ट्झचा सूर त्याच्या खाली अर्ध्या सुराहूनही कमी अंतरावर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला आठ हेलकावे पडतात. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याच्या कानाला हे जाणवणार नाही. पहाटेच्या शांततेत सा लावून बसलेल्या बाईंना दुसरं काही ऐकूच येणार नाही. डेसिबलमध्ये तो सुळका फार मोठा नव्हता. तरी तो ज्याच्या सुराला जाऊन भिडतो, त्याच्यापुरतं ते यंत्र निकामी असतं.

मग इतरांकडचे तीन ॲम्प्लिफायर मागवून थंड असताना मोजले. एकात सुळका काकूंच्या यंत्राहून मोठा, दोनांत बराच लहान. म्हणजे मी मोजलं होतं एक यंत्र, आणि भाषा वापरली होती सगळ्या मॉडेलची. सातही जणांना मी खरं काय ते लिहून कळवलं. तिघांनी यंत्र परत केलं. काकूंच्या यंत्रातले कपॅसिटर मी बदलून दिले.

तेव्हापासून कुणाचंही माप पाहिलं की मी आधी रिकामा तराजू मागतो. आमच्या कामात तो अगदी शब्दशः असतो. इंटरफेसचा आउटपुट त्याच्याच इनपुटाला जोडायचा, मध्ये कुठलंही यंत्र ठेवायचं नाही, आणि मोजायचं. जी विकृती (डिस्टॉर्शन) दिसेल ती मोजणाऱ्याच्या साधनाची. माझ्या इंटरफेसची विकृती ०.००३ टक्के येत असेल, तर त्यावर ०.००१ टक्क्याचं यंत्र मोजल्याचा दावा मी करू शकत नाही. त्यात एक फसवी गंमत अशी की साधनाची विकृती आणि यंत्राची विकृती उलट्या कलेत आल्या तर त्या एकमेकींना खोडतात, आणि आकडा दोन्हींच्या खऱ्या आकड्यांहून चांगला दिसतो. म्हणून अविश्वसनीय चांगला आकडा आला की आनंद होण्याआधी तार बदलावी, पातळी बदलावी, पुन्हा मोजावं. मोजणाऱ्यानं रिकामं माप शेजारी दिलं नसेल तर तुम्ही ते मागा. खऱ्या माणसाला ते द्यायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं मागायचं ते अटींचं पान. वॉटचा आकडा एकटा कधी वाचू नये. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओ नावाचे हजार हजार वॉट छापलेले असत, ते आमच्या पिढीला आठवतील. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियमच केला की घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती सांगताना किती ओहमचा भार, कोणत्या कंप्रतांवर आणि किती विकृतीपर्यंत, हे सांगावं लागेल. तेच तीन प्रश्न आजही पुरे आहेत. १ टक्का विकृतीऐवजी १० टक्के विकृतीला मोजलं की तेच यंत्र वॉट बरेच जास्त दाखवतं. आणि बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणारं यंत्र असेल तर मोजायचीही गरज नाही. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा. १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे एकूण १२ वॉट. त्यातून ५० वॉटचा सलग आवाज निघत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दिल्ली-एनसीआरमध्ये राहणाऱ्यानं आणखी एक अट विचारावी, ती म्हणजे माप घेताना विजेचा दाब किती होता. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आतला दाब भिंतीतल्या दाबाबरोबर उतरतो, आणि शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. २३० व्होल्टला मोजलेलं यंत्र मे महिन्यात, गल्लीतले सगळे एसी चालू असताना, २०० व्होल्टवर चाललं तर त्याची कमाल शक्ती जवळजवळ एक चतुर्थांशानं घटते. कानाला तो फरक सव्वा डेसिबलच्या आत असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण स्टॅबिलायझर लावून मोजलं आहे हे ज्यानं लिहिलं, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर माझा जास्त भरवसा बसतो.

स्पीकरचा आलेख वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. उभ्या अक्षावर शंभर डेसिबल कोंबले असतील तर डोंगरदऱ्यांचंही पठार होतं. आणि रेघ गुळगुळीत करून घेतली आहे का, ते पाहावं. एक तृतीयांश सप्तकाची सरासरी काढली की अरुंद खड्डे पुसले जातात. खोलीत घेतलेलं माप असेल तर खालच्या सुरांत ते स्पीकरपेक्षा खोलीबद्दलच जास्त सांगतं. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्येच उभा राहतो. तुमची खोली वेगळी असेल तर तो आलेख तुमचा नाही. इअरफोनची गोष्ट आणखी नाजूक. ते ज्या कृत्रिम कानात बसवून मोजतात, त्यात किती खोल गेले यावर ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा आलेख सरकतो. तिथला एखादा सुळका पाहून कंपनीला दोष देण्याआधी किती वेळा काढून पुन्हा बसवून मोजलं, ते विचारावं.

मापाला वंशावळ लागते. दिल्लीत पुसाला राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आहे. तिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ ला बसली. देशाचं ध्वनिदाबाचं मानक ती सांभाळते. तिथली पद्धत मला फार आवडते. ज्ञात असा कुठलाही आवाज हाताशी न घेता मायक्रोफोन आलटून पालटून एकमेकांसमोर ठेवतात, एकाला बोलकं करतात, दुसऱ्याला ऐकतं, आणि फक्त विद्युत मापांवरून प्रत्येकाची संवेदनशीलता काढतात. त्या मानकापासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेपर्यंत, तिथून ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देणाऱ्या कॅलिब्रेटरपर्यंत, आणि तिथून मोजणाऱ्याच्या मायक्रोफोनपर्यंत साखळी यायला हवी. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं मुख्यालय गुरुग्रामलाच आहे. प्रमाणपत्र कुणी दाखवलं तर त्यात अनिश्चिततेचा आकडा शोधा. माझ्या मायक्रोफोनला फक्त बनवणाऱ्याची फाइल होती. इतकी वर्षं मी दशांश डेसिबलपर्यंत आकडे देत होतो, ते द्यायला नको होते. आणि खोक्यावरची बीआयएसची नोंदणी-खूण सुरक्षिततेची असते, विजेचा धक्का बसू नये, आग लागू नये यासाठी. आवाजाच्या गुणवत्तेशी तिचा संबंध नाही. तिला आवाजाची शिफारस मानणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता उसन्या यंत्राबद्दल. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था १९३६ पासून तपासायच्या वस्तू स्वतः विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. एकट्या माणसाला हे परवडत नाही, मलाही नाही. पण सांगायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी असलेले संबंध उघड करायला सांगितलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं स्पष्ट केलं की फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा असा संबंध धरला जाईल, अट असो वा नसो. ते वाचताना मला विक्रेत्याचं "घाई नाही" आठवलं. म्हणून आता माझ्या तक्त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, यंत्र कुणाचं, कुठून आलं, किती दिवस माझ्याकडे, परत केलं की नाही. त्याखाली किती नमुने मोजले. एकच असेल तर "हे एक यंत्र" असंच लिहितो. मग सगळी मापं, वाईट आलेलीसुद्धा, वेळ आणि खोलीचं तापमान यांसकट. एखादं माप रद्द करायचं असेल तर रद्द का केलं ते कारण शेजारी, आणि माप तिथंच ठेवतो.

यामुळे मला विचारणारी माणसं कमी झाली. लोकांना एक आकडा आणि एक नाव हवं असतं, तीन पानं नकोत. मला त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा सात जणांना खुलासा करण्यापेक्षा ते बरं.

मागच्या थंडीत फरीदाबादच्या एका मुलाला मी माझ्या मापांच्या मूळ फायली दिल्या. तो अजून शिकतो आहे. आठवड्यानं त्याचा फोन आला, "काका, तुमचे रेझिस्टर आठ ओहमचे आहेत हे तुम्ही कधी मोजलंत?" मी मोजले नव्हते, छापलेलं वाचलं होतं. मोजले तर ७.७ भरले. म्हणजे माझ्या सगळ्या तक्त्यांतली शक्ती चार टक्क्यांनी कमी लिहिली गेली होती. मी प्रत्येक तक्ता काढला, जुन्या आकड्यावर एक रेघ मारली, तो वाचता येईल अशीच, शेजारी नवा आकडा लिहिला, आणि चूक कुणी शोधली ते त्याच्या परवानगीनं खाली नोंदवलं. पहिली प्रत काकूंना पाठवली.