निलगिरीचे तेल, कापूर आणि घरातले तान्हे बाळ

प्रश्न : बाळाला सर्दी झाल्यास निलगिरीचे तेल किंवा कापराची पोटली वापरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : दोन वर्षांखालील मुलांसाठी दोन्ही टाळणेच योग्य. निलगिरीच्या पानांपासून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेसह वेगळे करून, मिळणारे तेल खोबरेलासारखे स्निग्ध खाद्यतेल नसून सहज उडून जाणाऱ्या रसायनांचे अतिसंहत मिश्रण असते आणि त्यातील मुख्य घटक सिनिओल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ आल्यास श्वासनलिका आकसून श्वास अडखळू शकतो. कापूर त्याहून घातक आहे. तो पोटातून आणि त्वचेतूनही शोषला जातो, मेंदूवर परिणाम करतो, आणि त्याची एखादी वडी मुलाने चघळली तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. गळ्यातली पोटली मूल तोंडात घालते, हे मायेपोटी ती बांधणाऱ्या घरांनी अवश्य लक्षात घ्यावे.

मोठ्यांनीही असे तेल पोटात घेऊ नये. त्वचेवर लावायचे झाल्यास 30 मिलिलिटर खोबरेलात पाच-सहा थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, एवढेच प्रमाण ठेवावे.

मुलाने तेल प्यायल्यास उलटी मुळीच करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. बाळाचे नाक चोंदले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे तयार थेंब वापरावेत आणि पोटली आजच काढून ठेवावी.