अतिमानव आणि भयानक रस : एक टिपण

सुपरमॅनची अलीकडची चित्रपटीय रूपे भीतिदायक का वाटतात, याचे उत्तर सामान्यतः नायकाच्या स्वभावातील बदलात शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे बदलतो तो आश्रय, म्हणजे ज्याच्या ठायी भाव जागृत होतो तो.

झॅक स्नायडर दिग्दर्शित 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मध्ये सुपरमॅन व झॉड यांचे युद्ध आपण बहुतांशी योद्ध्यांच्या सोबतीने पाहतो. कोसळणाऱ्या इमारती ही पार्श्वभूमी ठरते. त्याच दिग्दर्शकाच्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' (२०१६) च्या आरंभी तेच युद्ध पुन्हा येते. पण आता आपण ब्रूस वेनबरोबर रस्त्यावर, धुळीत उभे असतो. त्याच्या कुशीत आईला पारखी झालेली एक मुलगी असते आणि त्याची नजर वर आकाशाकडे लागलेली असते. नायकाने निराळे काहीच केलेले नाही. आलंबन तेच, घटना तीच. विस्मयाची जागा मात्र भयाने घेतली आहे. रिचर्ड डॉनरच्या १९७८ च्या चित्रपटातही जमाव खालूनच पाहतो. परंतु तेथे कोसळते हेलिकॉप्टर सावरले जाते, म्हणून अद्भुत निष्पन्न होतो.

या तुलनेत 'द बॉइज' (२०१९) मधील होमलँडर सोपा आहे. तो क्रूरच असल्याने प्रेक्षकाला स्वतःची जागा बदलावी लागत नाही. (जेरी सीगलच्या १९३३ च्या कथेतील 'सुपरमॅन'ही खलच होता, हे नमूद करावयास हवे.) सज्जनाच्या सामर्थ्याचे भय अधिक चिवट असते. २०१६ च्या चित्रपटात सुपरमॅन आपण होऊन सिनेटच्या चौकशीस सामोरा जातो. तरीही ब्रूसचे भय ओसरत नाही.